दूरदर्शनवर कविता वाचायला जाताना

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमातून मराठी साहित्यिक थेट घराघरात दिसू लागले. त्याच्या कितीतरी आधीपासून विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट गावोगावची सभागृहं काव्यवाचनाने गाजवत होते. नवा कवी स्टुडिओत जातो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हेच सभागृह असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सभागृहात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. स्टुडिओत माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर असतो आणि कॅमेरा नुसता चेहरा दाखवत असतो. समोरच्या खुर्चीतल्या एका माणसाला वाचून दाखवतो तेवढाच आवाज पुरतो. पहिली ओळ दोनदा म्हणून दाद येण्याची वाट पाहण्याची सवय तर घरीच सोडून जा. स्टुडिओत दाद येत नाही, आणि ती ओळ अडखळून पुन्हा म्हटल्यासारखी वाटते.

निवडीला वेळेपासून सुरुवात करा. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात शीर्षक आणि श्रेयनामावली वगळून हातात २५-२६ मिनिटं उरतात असं धरून चाला. तीन कवी असतील, तर सूत्रसंचालकाचं बोलणं वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सात मिनिटं. त्यातली तीन गप्पांची. उरलेल्या चार मिनिटांत आखूड ओळींच्या तीन कविता बसतात, किंवा एक मध्यम मुक्तछंद आणि एक छोटी. सोळा आखूड ओळींना, नीट थांबे घेतले तर, साधारण एक मिनिट लागतं. मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा. मनात वाचून काढलेली वेळ नेहमी कमीच भरते. पाच कविता घेऊन जा, तीन वाचायच्या ठरवा. उरलेल्या दोन निर्मात्याने ऐनवेळी ‘एखादी हलकीफुलकी आहे का?’ असं विचारलं तर कामी येतात, आणि तो विचारतोच.

आता कागद. वही किंवा कवितासंग्रह घेऊन बसू नका. पान उलटल्याचा आवाज माइक इमानेइतबारे टिपतो. जरा जाड, चकाकी नसलेला कागद घ्या. एका कागदावर एकच कविता, एकाच बाजूला, १८ ते २० आकाराच्या अक्षरात. स्टेपल करू नका. वाचून झालेला कागद उलटायचा नाही, हळूच बाजूला सरकवायचा. कागद मांडीवर ठेवला की प्रेक्षकाला तुमच्या पापण्या आणि भांग दिसतो, म्हणून तो छातीच्या उंचीवर, किंचित तिरका धरा. सगळी कविता पाठ असायची गरज नाही. पहिली ओळ आणि शेवटच्या दोन ओळी मात्र पाठ हव्यातच, कारण तेवढ्या नजर वर उचलून म्हणायच्या असतात. कुठे पाहायचं, कॅमेऱ्यात की सूत्रसंचालकाकडे, ते फ्लोअर मॅनेजरला, म्हणजे स्टुडिओत सूचना देणाऱ्या माणसाला, आधीच विचारून घ्या. ‘चालू असलेल्या कॅमेऱ्यावर लाल दिवा असतो’ हे ऐकून काहीजण कवितेच्या मध्येच दिवा शोधत मान फिरवतात. तसं करू नका. कॅमेरे बदलणं हे कंट्रोल रूमचं काम आहे.

शेवटची ओळ संपल्यावर मनात सावकाश तीनपर्यंत मोजा, आणि तोवर चेहरा तसाच ठेवा. लगेच ‘धन्यवाद’ म्हणून कागद गोळा केले की संकलकाला कापायला जागाच राहत नाही, आणि कवितेचा शेवट तुमच्या खाकरण्यावर होतो.

कपड्यांत बारीक रेघा आणि बारीक चौकड्या टाळा, पडद्यावर त्या थरथरतात. पांढरंशुभ्र नको. मागे हिरवा किंवा निळा पडदा असेल, तर त्या रंगाचं काही नको, म्हणून आदल्या दिवशी विचारा. कॉलर माइक साडीच्या पदराला लावला की पदर सळसळतो, आणि मंगळसूत्र किंवा माळ माइकवर आपटून टकटक ऐकू येते. माळ आत सरकवा, किंवा माइक ब्लाउजच्या काठाला लावायला सांगा. पुरुषांच्या खिशातली नाणी आणि किल्ल्याही तितक्याच बोलक्या असतात. मोबाइल नुसता मूक करू नका, बंद करा.

चर्चेत सगळ्यात जास्त माती होते ती कवितेचा अर्थ सांगताना. ‘या कवितेत मला असं म्हणायचंय’ हे आधी सांगितलं की कवितेला करायला काही उरत नाही. आधी कविता वाचा. नंतर ती कुठे सुचली, कोणती ओळ बदलली, कोणता शब्द अडला ते सांगा. एक उत्तर पाऊण ते एक मिनिटाचं असावं. कवितेत अहिराणी किंवा मालवणी शब्द असतील, तर अडणारे एक-दोनच वाचनाआधी सांगा. शब्दकोश उघडू नका. ध्वनिमुद्रण आणि प्रसारण यांत कधीकधी काही आठवडे जातात, त्यामुळे ‘काल’, ‘परवाच्या पावसात’ असं बोलू नका. ओळ चुकली तर हसून सावरू नका. थांबा, आणि त्या कडव्याच्या सुरुवातीपासून वाचा. अर्ध्या ओळीपासून उचललं तर जोड दिसतो.

पडद्यावर खाली पट्टीत दिसणारं तुमचं नाव आणि संग्रहाचं नाव ऱ्हस्व-दीर्घासह टाइप करून द्या. तोंडी सांगितलेल्या नावाचं काय होतं ते अनुभवी कवींना विचारा!

निघण्याआधी करारपत्र वाचून सही करा; पॅन आणि रद्द केलेला धनादेश सोबत असू द्या. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. कविता संग्रहातली असेल तर प्रकाशकाबरोबरचा करारही आदल्या दिवशी काढून पाहा. प्रसारणाचे हक्क तिथे आधीच दिलेले असू शकतात.