टीबीचा कोर्स संपला, खोकला संपेना: बेडक्यातली बुरशी कशी शोधून घ्यायची

आमच्या अण्णांनी २००९ साली टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स एकही गोळी न चुकवता पुरा केला. दोन वर्षांनी खोकला परत सुरू झाला, बेडक्यात रक्ताची रेघ दिसायला लागली. एका दवाखान्यात एक्स-रेवर जुन्याच जागी डाग दिसला आणि बेडका न तपासताच 'परत टीबी' म्हणून आठ महिन्यांचा कोर्स चालू झाला. त्यात पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. खोकला होता तसाच राहिला, वर कानात कायमची शिट्टी बसली. शेवटी सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं, टीबीनं उजव्या फुप्फुसात पाडलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा झाला होता. अण्णांनी कूस बदलली की तोही पोकळीत कलंडायचा. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस आठ महिने नको ते औषध गिळत राहिला, हे माझ्या मनातून अजून जात नाही. आज मी सोलापुरातच फुप्फुसातल्या बुरशीवर काम करते, ते त्यामुळंच.

टीबीचा कोर्स पूर्ण झालाय आणि तरी खोकला, थकवा, वजन उतरणं, मधूनच रक्त पडणं हे तीन महिन्यांच्या वर चाललंय, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. टीबी परत आला असेल ही शंका बरोबरच आहे, ती आधी तपासायलाच हवी. पण सीबीनॅट, म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी, हिला मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा सापडू शकतो. म्हणून जुन्या रुग्णाचा सीबीनॅट पॉझिटिव्ह आला की टीबीचं कल्चर, म्हणजे जिवंत जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला सांगा. आणि त्याच वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "बुरशीची तपासणी करायची का?" विचारण्यात कसला कमीपणा नाही.

ही बुरशी बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस असते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे पार फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातील इतके बारीक. आपण सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो, आणि धड फुप्फुस ते साफ करतं. टीबीनं पडलेल्या पोकळीत मात्र ते साफ करायला काहीच यंत्रणा उरलेली नसते. बुरसलेला कडबा झटकताना, ज्वारीचं जुनं पेव उघडताना, सडलेलं खत उपसताना ते ढगानं उडतात. अशी कामं टीबी होऊन गेलेल्यानं घरातल्या दुसऱ्यावर सोपवावीत. इलाजच नसेल तर कडबा आधी पाण्यानं भिजवा आणि एन-९५ मास्क लावा. नुसता पदर किंवा टॉवेल बांधून हे बीजाणू अडत नाहीत. कूलरची काळी पडलेली गवताची जाळी दर उन्हाळ्याच्या आधी बदला.

आता बेडका. माझ्याकडे येणाऱ्या डब्यांतल्या कितीतरी डब्यांत निव्वळ थुंकी असते. परवा विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक मावशी आल्या. फेसाळ, पाण्यासारखी थुंकी घेऊन. "म्याडम, सकाळधरनं एवढंच निघालं बघा." मी त्यांना बाहेर मोकळ्यावर नेलं, बाकावर बसवलं आणि शिकवलं ते असं. आधी साध्या पाण्यानं दोनदा खळखळून चूळ भरा. पाठ ताठ करून बसा. दीर्घ श्वास घ्या, दोन-तीन सेकंद धरा, सोडा. परत तसंच करा. तिसऱ्या श्वासाला पोटातून जोर लावून खोका आणि वर आलेलं थेट डबीत सोडा. मावशींना चौथ्या खेपेला जमलं. घट्ट, पिवळसर, मधे तपकिरी कण असलेला बेडका निघाला. तो तपकिरी कण मला शंभर डब्यांतल्या थुंकीहून मोलाचा.

छोटा चहाचा चमचाभर पुरतो. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी घ्या. रात्रभर थोडं थोडं साठवलेलं चालत नाही, त्यात दुसरेच जंतू माजतात. शक्यतो तीन दिवस तीन वेगळे नमुने द्या. बेडका निघतच नसेल तर डॉक्टर मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढून घेतात, त्याला घाबरू नका. डबी दवाखान्यातून मिळालेली, निर्जंतुक आणि रुंद तोंडाची हवी. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी नको. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात स्कूटीच्या डिकीत डबी ठेवून आधी बाजार उरकलात तर तो नमुना वाया गेला म्हणून समजा. उशीर होणारच असेल तर प्रयोगशाळेला विचारून थंड ठेवा.

आणि एक विनंती, खास आपल्या गावासाठी. डबीचं तोंड आतून टॉवेलनं किंवा पदरानं पुसू नका. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू आणि बुरशीचा तंतू पहिल्या नजरेला सारखेच दिसतात. बेडक्याच्या कणावर मी दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकते. पंधरा-वीस मिनिटांत पेशी आणि चिकटा विरघळतो, बुरशीची भिंत टिकते. मग जे दिसतं ते ओळखायचं. कापसाचा तंतू चपटा, पिळा बसलेला, कडेला फाटलेला असतो. अ‍ॅस्परजिलसचा तंतू एकसारख्या जाडीचा, मधे आडवे पडदे असलेला, आणि साधारण ४५ अंशांत फाटा फुटणारा. म्युकरचा तंतू रुंद आणि फितीसारखा असतो, पडदे जवळजवळ नसतातच. २०२१ मध्ये कोविडनंतर सगळ्यांनी ज्याचं नाव ऐकलं तोच हा म्युकर. सूतगावातली असल्यामुळं कापूस ओळखायला मला शिकवावं लागलं नाही, पण त्यात माझी कितीतरी मिनिटं जातात.

उरलेला भाग सॅबूरो आगरच्या, म्हणजे बुरशीच्या खाद्याच्या बशीवर पेरते. तीन-चार दिवसांत पांढरा कापूस उगवल्यासारखा दिसतो, मग रंग चढतो. धुरकट निळा-हिरवा आला तर अ‍ॅस्परजिलसची फ्युमिगेटस ही जात, पिवळसर हिरवा आला तर फ्लेव्हस. काही बुरशा सावकाश वाढतात म्हणून बशी चार आठवडे ठेवतो. एकच ठिपका उगवला तर तो हवेतूनही पडलेला असू शकतो, म्हणूनच तीन नमुने. रिपोर्टात 'कॅन्डिडा' या दुसऱ्या बुरशीचं नाव लिहून आलं तर लगेच धसका घेऊ नका. ती बहुतेक वेळा तोंडातलीच असते, न्यूमोनियाची नसते.

उलट, कल्चर कोरं आलं म्हणून बुरशी नाहीच असंही नव्हे. म्हणून रक्तातली अ‍ॅस्परजिलस आयजीजी चाचणी (या बुरशीविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं मोजणारी) आणि छातीचा सीटी स्कॅन या दोन्ही गोष्टी सोबत लागतात. जुने एक्स-रे फेकू नका. आजच्या फिल्मशेजारी पाच वर्षांपूर्वीची फिल्म धरली की पोकळीची भिंत जाड झाली का, आत काही भरलं का, हे उजेडावर लगेच दिसतं. पत्र्याच्या पेटीतली ती फाईल घेऊन या.

न्यूमोसिस्टिस ही वेगळीच बुरशी. १९८८ पर्यंत तिला एकपेशीय प्राणी समजत होते. ती रोजच्या बशीवर उगवत नाही. एचआयव्हीत सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोनशेच्या खाली गेलेल्यांना, अवयव बदललेल्यांना, आणि बराच काळ जास्त स्टिरॉइड घेणाऱ्यांना ती गाठते. लक्षण ओळखायचं असं: कोरडा खोकला, ताप आणि चालल्यावर दम. बसून ऑक्सिजन ९६ दिसतो, जिना चढून आलं की खाली घसरतो, आणि एक्स-रे सुरुवातीला स्वच्छही असू शकतो. अशा माणसाला बोटाला मशीन लावून चालवून बघा आणि आकडा घसरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिच्या पेशीच्या पातळ पटलात नेहमीच्या बुरशीनाशकांचं लक्ष्यच नसतं, त्यामुळं औषध वेगळं, को-ट्रायमॉक्साझोल.

अ‍ॅस्परजिलससाठी बहुधा इट्राकोनॅझोल देतात, निदान सहा महिने. कॅप्सूल भरल्या पोटी घ्या. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांच्यामुळं ती अंगी लागत नाही. टीबीतलं रिफॅम्पिसिन तर तिचं रक्तातलं प्रमाण पार खाली आणतं. म्हणून दोन्ही दवाखान्यांच्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवा.

रक्त अर्ध्या कपाच्या वर पडलं तर कुठलीही तपासणी बघत बसू नका. ज्या बाजूचं फुप्फुस खराब आहे त्या कुशीवर निजवा म्हणजे चांगल्या बाजूत रक्त उतरत नाही, आणि तसंच रिक्षानं नाही, अ‍ॅम्ब्युलन्सनं १०८ला फोन करून सिव्हिलला न्या.

आमच्या अभ्यासात नमुना वापरायचा असेल तर आम्ही संमतीपत्र मराठीत, तेलुगूत, कन्नडात वाचून दाखवतो. नको म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही कमी होत नाही. मी व्यवसाय विचारते, घरात कूलर आहे का विचारते, गुरं आहेत का विचारते. हे सगळं खरं सांगा, कारखान्याच्या मालकाकडे काही जात नाही.

फॉर्मवर 'टीबी झाला होता, साल अमुक' आणि 'बुरशीसाठी' हे दोन शब्दप्रयोग डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाही लिहिलं तर नमुना फक्त टीबीच्या टेबलावर जातो. तिथं कल्चरच्या आधी तो सोडा-क्षारानं धुतात, त्यात बुरशी मरू शकते. मोबाइल नंबर ठळक लिहा. कारखान्यातली कामाची पाळी सुटत नाही म्हणून कित्येकजण रिपोर्ट न्यायलाच येत नाहीत. चौथ्या आठवड्याच्या शेवटी बशा काढताना मी त्याच नंबरवर फोन लावते.