तोंड हा शब्द नीट वापरायचा कसा

माझी वहिनी जबलपूरची. लग्न होऊन नागपुरात आली तेव्हापासून मनापासून मराठी शिकून राहिली आहे, खरं तर इथे बर्डीपासून इतवारीपर्यंत हिंदीत सगळं भागतं, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानीच होतं ना नागपूर, पण तिला घरात मराठीच बोलायचं आहे आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. पहिल्याच आठवड्यात काकूंनी जेवताना विचारलं, "तोंडी लावायला काय आहे गं?" आणि तिचा चेहराच उतरला. हिंदीत किसी को मुँह लगाना म्हणजे एखाद्याला डोक्यावर चढवणं, तिला वाटलं काकू रागावल्या. काकूंना फक्त लोणचं पाहिजे होतं.

तेव्हापासून मी तिला एकच पद्धत सांगते: नुसत्या तोंडाचा अर्थ पाठ करू नको, त्याला प्रत्यय कोणता लागला आणि पुढे क्रियापद कोणतं आलं ते बघ.

सुरुवात सोप्यापासून. तोंड म्हणजे खायचं-बोलायचं तोंड आणि अख्खा चेहरासुद्धा. डॉक्टर "तोंड उघडा" म्हणतात तेव्हा पहिलं, आणि मे महिन्याच्या उन्हात गाडीवर निघताना आई "तोंड बांधून जा" म्हणते तेव्हा दुसरं, म्हणजे दुपट्टा गुंडाळ. सकाळी "तोंड धुतलं का?" यात मात्र दात घासणं पण आलं. आणि सावजी खाऊन दुसऱ्या दिवशी कोणी "तोंड आलंय" म्हटलं तर आतून सोललंय, फोड आलेत, जेवायला आग्रह करू नका.

आता प्रत्यय. इथेच सगळी गंमत आहे म्हणून जरा थांबून वाचा. "भांडणाला तोंड फुटलं" म्हणजे भांडण सुरू झालं, पण "त्याचं तोंड फुटलं" म्हणजे खरंच लागलं, रक्त आलं, बँडेड शोधा. फरक फक्त ला आणि चं चा. तसंच संकटाला तोंड देतात, म्हणजे सामना करतात, तिथे पण ला पाहिजेच. तोंडाला पाणी सुटतं ते संत्रा बर्फी बघून आणि तोंडचं पाणी पळतं ते घाबरून, दोन्हीकडे पाणीच आहे पण अर्थ पार उलटे. आणि बघा, तोंडाचं पाणी पळालं असं कोणी म्हणत नाही, तिथे तोंडचं हेच जुनं रूप बसलंय, तोंडचा घास पण तसाच.

तोंडी चं पण लक्षात ठेवा. तोंडी लावणं म्हणजे पोळी-भातासोबत ठेचा, चटणी, लोणचं. तोंडी लागणं म्हणजे वाद घालत बसणं, "त्याच्या तोंडी लागू नको" हे हिंदीतल्या मुँह लगना सारखंच, वहिनीला लगेच कळलं. आणि तोंडी परीक्षा म्हणजे बोलून द्यायची.

तोंडावर सुद्धा तीन-चार प्रकारे येतं: पोळा तोंडावर आला म्हणजे अगदी जवळ आला, तोंडावर सांगितलं म्हणजे समोरासमोर, तोंडावर पडला म्हणजे एकतर खरंच पडला नाहीतर त्याची फजिती झाली. वस्तूंना पण तोंड असतं, पोत्याचं, गल्लीचं, बाटलीचं, तिथे काही अडत नाही.

शब्द कुठून आला ते सांगितलं की वहिनीला एकदम जवळचा वाटला: संस्कृतातलं तुंड, म्हणजे चोच किंवा सोंडेसारखं पुढे आलेलं तोंड. टेकडीच्या गणपतीसमोर आपण वक्रतुंड म्हणतो ना, तेच.

सराव करायचा तर मोबाईलमध्ये सुटा शब्द लिहू नका, अख्खं वाक्य लिहा आणि त्याच दिवशी एकदा बोलून बघा, भाजीवाल्या मावशी चूक सांगतात आणि प्रेमाने सांगतात.

राहिला मान. मोठ्यांना "तुमचं तोंड का उतरलं?" म्हणू नका, तिथे चेहरा म्हणा. देवाचं तोंड नाही, मुख, म्हणून मुखदर्शन. थोबाड तर कोणासाठीच नको. "तोंड बंद कर" हे लहान लेकरालासुद्धा लागतं, त्यापेक्षा "गप्प बस थोडा वेळ" बरं, आणि सासूबाई चिडल्या असतील तर "असू द्या ना आई" एवढं पुरतं.