व्याध की अगस्त्य? ताऱ्यांच्या प्रती ताडून पाहताना या चुका टाळा

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अंबाजोगाई किंवा औशाकडच्या एखाद्या माळावरून दक्षिणेकडे पाहिलं, की वर व्याध आणि बराच खाली अगस्त्य दिसतो. व्याधाची दृश्य प्रत, म्हणजे तो आपल्याला किती ठळक दिसतो त्याचा आकडा, −१.४६; अगस्त्याची −०.७४. आकडा जितका लहान तितका तारा ठळक, म्हणून व्याध पुढे. इथवर बरोबर. पण त्यावरून ‘व्याध मुळातच जास्त प्रखर’ असं वहीत लिहिलंत की फसलात. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, अगस्त्य सुमारे ३१० वर. दोघांनाही १० पार्सेकवर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर ठेवलं असं माना: व्याध १.४ वर घसरतो, अगस्त्य −५.६ वर चढतो. हीच निरपेक्ष प्रत. फरक ७ प्रतींचा, पण तो सात पट समजू नका; दर ५ प्रतींना १०० पट या हिशेबाने तो सहाशे पटींच्या घरात जातो.

निरपेक्ष प्रत = दृश्य प्रत + ५ − ५ × लॉग (अंतर). लॉग दहाच्या पायाचा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. अंतर पार्सेकमध्ये हवं आणि पुस्तकात, ॲपवर ते बहुधा प्रकाशवर्षांत असतं. तसंच टाकलं तर उत्तर दर वेळी २.५७ ने कमी येतं. अभिजित तारा २५ प्रकाशवर्षांवर, दृश्य प्रत ०.०३. थेट २५ घातले तर −१.९६, आधी ३.२६ ने भागलं तर ०.६, आणि तेच खरं.

पडताळा सोपा आहे. ३२.६ प्रकाशवर्षांच्या आतल्या ताऱ्याचा निरपेक्ष आकडा दृश्य आकड्यापेक्षा मोठाच यायला हवा, पलीकडच्याचा लहान. अभिजितची चूक इथे लगेच पकडली जाते. व्याधाची मात्र निसटते, कारण थेट ८.६ घालून आलेलं चुकीचं −१.१३ सुद्धा −१.४६ पेक्षा मोठंच. तेव्हा पडताळा जुळला तरी एकक बघाच.

डोळ्यांनी लावलेला अंदाज सूत्रात घालू नका. आपल्याकडून अगस्त्य क्षितिजाच्या वर जेमतेम १८-१९ अंश येतो; त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवेतून येतो, त्यात गाळप हंगामातला धूर आणि धुरळा. तो आहे त्याहून मंदच दिसणार. तुलना करायचीच तर सारख्या उंचीवरचे तारे निवडा.

आणि सरावासाठी मृगातला तांबूस तारा काक्षी (बीटलज्यूस) घेऊ नका. त्याची दृश्य प्रतच बदलत असते (२०२० च्या सुरुवातीला तो १.६ पर्यंत मंदावला होता), शिवाय अंतराबद्दलही एकमत नाही.