कापसाचा स्नोमॅन: मुलं बसण्याआधी काय काय हाताशी हवं

इंदुरात बर्फ पडत नाही, पण पौषातल्या सकाळी तोंडातून वाफ निघते आणि मुलं स्वेटर-टोपी घालून गच्चीवरच्या उन्हात जमतात. स्नोमॅनसाठी जागा म्हणून गच्चीच पक्की करा, दहा-साडेदहाची वेळ धरा. गार खोलीत खळ किंवा फेविकॉल लवकर वाळत नाही, आणि ओलं काम हातात धरून बसायचा धीर चार वर्षांच्या मुलाला नसतो.

सगळ्यात आधी फ्रीझरमध्ये बर्फ लावा. ज्यानं बर्फाचं मैदान कधी पाहिलं नाही, त्याला नुसतं चित्र दाखवून भागत नाही. चार-पाच खडे जाड फडक्यात गुंडाळून बत्त्यानं कुटा, स्टीलच्या ताटलीत ओता आणि मुलांना मुठीत दाबू द्या. गोळेवाला काडीभोवती कीस दाबतो तसाच हा गोळा धरतो. मग सांगा, की शून्य अंशाच्या आसपासचा, किंचित ओलसर बर्फच असा चिकटतो. फार थंडीतला बर्फ कोरड्या पिठासारखा भुरभुरतो, त्याचा स्नोमॅन होत नाही. मूठ लाल व्हायच्या आत ताटली उचला आणि हात पुसायला कोरडा पंचा जवळ ठेवा.

अंगासाठी कापूस. देवघरात वातींचा असतोच, तो आजीला विचारून घ्या. कमी पडला तर औषधाच्या दुकानातला रोल आणा. रोलचे पापुद्रे सुटतात, ते लहान हातांना चिकटवायला सोपे. वातीचा कापूस पिंजून वरून लावला की अंग छान फुगतं. थर्मोकोल आणूच नका. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, शिवाय त्याचे दाणे तोंडात जातात.

आत रद्दी पेपरचे चुरगळून दोऱ्यानं बांधलेले गोळे, खालचा मोठा, वरचा लहान. इंग्लंडात बहुधा दोन गोळ्यांचा करतात, अमेरिकेत तीन. लहान मुलांसाठी दोन पुरेत, तिसरा फार डुगडुगतो. अडीच-तीन वर्षांचं मूल असेल तर शाळेचा जुना पांढरा मोजा घ्या, तांदूळ भरून तोंड घट्ट शिवा आणि मध्ये रबर लावा. गोंदाचं कामच उरत नाही.

चिकटवायला खळ घरीच करा. दोन मोठे चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. वह्या-पुस्तकं बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या खळीत चिमूटभरही नको.

डोळ्यांना बटणं सुंदर दिसतात, पण घरात तीन वर्षांखालचं भावंड रांगत असेल तर ती डब्यातच राहू द्या. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती घशात अडकू शकते. प्रत्येक वस्तू आदल्या रात्री तिच्यातून घालून बघा. काळ्या कागदाचे मोठे ठिपके चांगले. नाकाला केशरी कार्डपेपर, तो खजुरी बाजारात मिळेल. मफलरला शिंप्याकडच्या चिंध्या मागून आणा, रंग मात्र मुलांना निवडू द्या.

कागदी हिमकण करणार असाल तर घड्या मोठ्यांनी घालाव्यात. खऱ्या हिमकणाला सहा बाजू असतात, आपण सवयीनं घड्या घालतो त्या आठ पाकळ्यांच्या होतात. कापायचं काम गोल टोकाच्या कात्रीनं मुलांचं.

नमुना म्हणून आधीच एक देखणा स्नोमॅन करून समोर मांडू नका. मुलं मग तुमच्याकडे बघत बसतात आणि आपला वाकडा झाला म्हणून रुसतात. नाक कानापाशी लागलं तरी लागू दे, आणि मुलं झोपल्यावर ते सरळही करू नका.

सुकवायची जागा आधी रिकामी करा: ऊन येणारी, पण वारा नसणारी खिडकी. समईपासून लांब, कारण कापूस क्षणात पेट घेतो. तळाशी पेन्सिलीनं नाव लिहा, नाहीतर संध्याकाळी भांडण ठरलेलं. गच्चीवर दोन डबे ठेवा, कागदाच्या कपट्यांना एक आणि उरलेल्या खळीला दुसरा, म्हणजे सकाळी कचरागाडी आली की वेगळं करत बसायला नको.