पुळणीवर पुन्हा धावायला लागताय? या चुका टाळा

होळीपौर्णिमेच्या रात्री पालखी नाचवताना डाव्या पोटरीत मागून कुणी दगड मारल्यासारखं झालं. वळून बघितलं तर मागे कुणीच नाही. वाडीतले एक काका म्हणाले, "गोळा आलाय रे, चोळून काढूया." आणि कोमट खोबरेल लावून त्यांनी पोटरी अशी काही रगडली की दुसऱ्या दिवशी ती घोट्यापर्यंत काळीनिळी. तो गोळा नव्हताच. स्नायूचे तंतू तुटले होते, आणि ताज्या दुखापतीला चोळलं की आतलं रक्त आणखी पसरतं. पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, शेकही नको. बांधून ठेवा, पाय उशीवर उंच घ्या आणि पालखी दुसऱ्यांना नाचवू द्या.

पहिली चूक काकांच्या नावावर ढकलली, पण पुढच्या सगळ्या माझ्याच. पंधरवड्यावर पाडवा. चालताना काहीच दुखत नव्हतं. गुढी उभारली, नैवेद्य उरकला आणि दहाच्या सुमारास रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर बूट काढून धावायला लागलो. पाचव्या मिनिटाला पोटरी त्याच जागी पुन्हा गेली. पंधरा दिवसांचं काम मग अडीच महिन्यांवर गेलं.

चालताना दुखत नाही, म्हणजे पाय बरा

चालणं आणि धावणं यांत पोटरीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. धावताना एकेका पावलाला टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे अ‍ॅकिलिसवर, अंगाच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ पट ताण येतो. चालताना तो याहून बराच कमी असतो. त्यामुळे बाजारात जाऊन आलो, जिना चढलो, यावरून काहीच ठरत नाही.

माझ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने सोपी परीक्षा घेतली. पडवीच्या खांबाला हात टेकायचा, एका पायावर उभं राहायचं, गुडघा सरळ ठेवून टाच सावकाश वर उचलायची आणि तितकीच सावकाश खाली आणायची. उजव्या पायावर बावीस झाल्या. डाव्यावर नवव्यालाच पाय थरथरायला लागला. "बाबा, दुखायचं थांबलं, पण ताकद कुठे आलीय?" एवढंच ती म्हणाली. दुखऱ्या पायावर वीस-पंचवीस होईपर्यंत, किंवा निदान चांगल्या पायाची बरोबरी होईपर्यंत, धावायचं नाव काढायचं नाही. गुडघा थोडा वाकवूनही हेच करायचं, कारण पोटरीत दोन थर असतात आणि आतला, सोलिअस, गुडघा वाकवल्यावर जास्त कामाला लागतो. धावणाऱ्याचा खरा घोडा तोच. शिवाय अर्धा तास झपझप चालणं आणि एका पायावर दहा उड्या, दोन्ही न दुखता जमलं पाहिजे.

वाळू मऊ, म्हणून पायाला बरी

आपल्याकडची ही सगळ्यात लाडकी समजूत. गुहागर असो, दिवेआगर असो की आमचं भाट्ये, डांबरावर दुखतं म्हणून लोक वाळूत उतरतात. कोरड्या वाळूत हाडाला दणका कमी बसतो हे खरंच. पण पाऊल रेटायला जावं तर खालची वाळू सरकते, टाच आत रुतते आणि प्रत्येक पावलाला पोटरी जास्त ताणून जास्त जोर लावावा लागतो. त्यात अनवाणी धावलं की बुटाच्या टाचेची जाडीही गेली, म्हणजे शिरेवरचा ताण आणखी वाढला. नुकत्या सांधलेल्या पोटरीला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. पाडव्याला मी नेमकं हेच केलं.

मग ओली, टणक वाळू? ती बरी, पण ती समुद्राकडे उतरती असते. भाट्याला पुलाकडून झरी विनायकाच्या देवळाच्या दिशेने निघालात की समुद्र उजव्या हाताला. उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं, डावं आतल्या कडेवर कलतं आणि डाव्या नडगीची आतली कड ओढली जाते. येताना त्याच पट्ट्यावरून आलात तर उलटं होऊन हिशेब फिटतो. पण येताना पाणी चढलेलं असतं, किंवा शहाळ्यासाठी माणूस रस्त्याला लागतो, आणि रोज एकच पाय वाकडा धावतो. महिन्याभराने नडगी दुखायला लागली की दोष बुटाला.

टणक वाळू कधी मिळेल ते कालनिर्णय बघून सांगता येतं. तिथीची पाऊणपट केली की ढोबळ मानाने भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि धावायला फक्त सुरूच्या बनाजवळची भुसभुशीत वाळू. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी, आणि उधाण असल्याने पट्टाही रुंद आणि सपाट. पाडवा प्रतिपदेचा. साडेसहाला गेलो असतो तर निदान टणक वाळू तरी मिळाली असती. दहाला भरती चढत होती, मला उरली ती कोरडी.

तरीही पहिला महिनाभर पुळण नकोच. शाळेचं मैदान, सड्यावरचा, म्हणजे माथ्याच्या पठारावरचा, सपाट रस्ता, काहीही चालेल. चढउताराच्या वाटा टाळा. चढाला पोटरी ओढते, उताराला नडगी ठणकते. पाखाड्यांचं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांचं, तर बोलायलाच नको. पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर पाय एकदा सरकला की शिवलेलं सगळं उसवतं.

दम आहे, म्हणून अजून एक फेरी

सायकल, पोहणं चालू ठेवलं असेल तर दम शिल्लक असतो, पायाला मात्र सवय गेलेली असते. म्हणून किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एक दिवसाआड. दोन खेपा सुरळीत गेल्या की धावण्याचं एक मिनिट वाढवा. अर्धा तास सलग जमायला बरेच आठवडे लागतात, कंटाळा येतो, आणि बाजूने शाळकरी पोरं हसत पुढे जातात. जाऊ देत. वेग सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला: वेळ वाढवली तर जागा तीच, जागा बदलली तर वेळ कमी. पावलं थोडी आखूड आणि भरभर टाकली तर नडगीवरचा भारही कमी होतो.

धावताना दुखलं नाही, म्हणजे सुटलो

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. खाटेवरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं लक्ष देऊन टाका. दहापैकी दोन-तीन इतकं हलकं दुखणं धावताना आलं आणि सकाळपर्यंत गेलं तर तेवढंच पुढे चालू ठेवा. सकाळी टाच कालच्यापेक्षा आखडली असेल, लंगडायला होत असेल, तर एक पायरी मागे. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेणं म्हणजे निकालपत्रच फाडून टाकणं.

कुठे दुखतंय ते न बघणं

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे अतिताणाने नडगीला आलेलं दुखणं. धावणं कमी केलं की उतरतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे थांबायचंच, आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही; ती चीर बरेचदा त्यात दिसतच नाही, एमआरआयत कळते. अ‍ॅकिलिस सकाळी आखडत असेल तर नुसता आराम पुरत नाही, तिला ताकदीचा व्यायामच लागतो. स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये पायरीवरून टाच सावकाश खाली सोडण्याचा १२ आठवड्यांचा क्रम मांडला: दिवसातून दोनदा, गुडघा सरळ आणि वाकवून, प्रत्येकी १५ चे तीन फेरे. आमच्या पडवीची पायरी त्यासाठी बरोबर उंचीची आहे.

टाचेमागे फट्कन आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि पोटरी सुजली, गरम लागली, न हलवताही दुखते, विशेषतः लांबचा प्रवास किंवा अंथरुणातला मुक्काम झाल्यावर, तर तेल लावू नका, चोळू तर मुळीच नका. रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.

मी सध्या तीन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं इथपर्यंत आलोय. उद्या अष्टमी, सहाला भरती. म्हणजे शाळेचं मैदान.