बारा बोअरची दुनळी: नळी आणि काडतूस निवडताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात पुष्कळ घरांत परवान्याची बंदूक म्हणजे वारसाने आलेली १२ बोअरची दुनळी. परवाना शहरात पोलीस आयुक्तांचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. कारण स्वसंरक्षण नाहीतर पीकसंरक्षण. नेम आणि पल्ला यांवर पारावर भरपूर बोललं जातं. दुकानात काडतूस मागताना मात्र आपल्या नळीत काय चालतं हे क्वचितच कुणी सांगू शकतं, आणि नळ्या फुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

६५ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस

ही सगळ्यात घातक चूक, कारण ती दिसत नाही. जुन्या दुनळ्यांचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बहुधा ६५ मिमीचं, म्हणजे अडीच इंची असतं. आजची बरीच काडतुसं ७० मिमीची आहेत. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची, म्हणजे तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. न उडालेलं ७० चं काडतूस साधारण ६० मिमीच भरतं, त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि बंदूकही बंद होते. बार काढल्यावर घडी उलगडायला जागा उरत नाही. ती चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब एकदम चढतो. पहिल्याच बाराला नळी फुटेल असं नाही. सांधा हळूहळू सैल होतो, मग एक दिवस नळीच जाते. ‘बसलं म्हणजे चालतं’ ही समजूत सोडा.

पुढचं लाकूड काढून नळ्या उतरवल्या की खालच्या सपाट भागावर शिक्के दिसतात. तिथे चेंबरची लांबी आणि नायट्रो प्रूफची (धूरविरहित दारूसाठी नळी तपासल्याची) खूण शोधा. खूण नसेल, किंवा नळीवर लाटांसारखी नक्षी असेल (पट्ट्या वळून जोडलेली ही दमास्कस नळी), तर आजच्या धूरविरहित दारूचं काडतूस त्यात घालूच नका. शिक्के पुसट असतील तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून गेजने चेंबर मोजून घ्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं ‘शक्तिमान’ घ्या की परदेशी घ्या, डब्यावरची लांबी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन्ही नळ्या सारख्या नसतात

दुनळीत साधारणपणे पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. डावीचं तोंड सहसा जास्त आवळलेलं असतं; या आवळण्याला चोक म्हणतात. फुल चोक म्हणजे तोंडाशी सुमारे १ मिमी आवळ, हाफ म्हणजे अर्धा मिमी. ४० यार्डांवर, म्हणजे ३६.६ मीटरवर, ७६ सेंमीच्या वर्तुळात फुल चोकचे सुमारे ७० टक्के छर्रे पडतात, हाफचे ६०, सरळ, म्हणजे चोक नसलेल्या नळीचे ४०.

एवढ्यावरून फुल चोक सगळ्यात उत्तम असं ठरवू नका. एसजी आणि एलजी हे मोठ्या छर्ऱ्यांचे प्रकार: एसजीचे छर्रे ८.४ मिमीचे, एलजीचे ९.१ मिमीचे. आवळलेल्या तोंडातून जाताना ते एकमेकांवर दबून वाकडे होतात आणि भलतीकडे जातात. मोठ्या छर्ऱ्याला पाव किंवा हाफ चोक बरा. अधिकृत रेंजवर २५ मीटरवर मोठा कागद लावून प्रत्येक नळीतून तीन-तीन बार काढून बघा. तुमची नळी काय करते हे त्या कागदाइतकं खरं दुसरं कुणी सांगणार नाही. एकसंध गोळीचं काडतूस चोकच्या नळीतून चालतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ते चोकमधून उडवू नका. स्टीलचे छर्रे जुन्या नळीत कधीच नकोत.

परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणं हा तर गुन्हाच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे त्यासाठी वेगळा परवाना लागतो. शिवाय कापताना चोक निघून जातो तो वेगळाच.

घरासाठी

‘बंदुकीचा बार खोलीभर पसरतो’ हे खरं नाही. सरळ नळीतून निघालेले छर्रे पाच मीटरवर जेमतेम वीतभर पसरतात, म्हणजे नेम धरावाच लागतो. एसजी पत्रा, प्लायवूड आणि दार सहज भेदतो. मळ्यातल्या वस्तीवर पत्र्याची खोली आणि पलीकडे झोपलेली मुलं असतील, तर आधी त्या दिशेचा विचार करा. बहुतेक दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा अडवत नाही. भरलेली बंदूक पडली तर उडू शकते. म्हणून घरात ती रिकामी ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात.

रानासाठी

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे हौशी शिकार बंद आहे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची मोकळीक नव्हे. त्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचं काळवीट आणि लांडगा तर पहिल्या अनुसूचीत आहेत.

परवानगी असली तरी उसात किंवा उभ्या ज्वारीत हालचालीवर बार काढू नका. रात्री लाईट आली की दारं धरायला गेलेला माणूस तिथेच असतो, तोडणीच्या दिवसांत मजुरांच्या कोप्याही. एसजीचा छर्रा अर्ध्या किलोमीटरपलीकडे जाऊ शकतो, ६ नंबरचा बारीक छर्राही दोनशे मीटरपर्यंत.

बार फुसका गेला तर

सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याखालच्या पेटीत ठेवलेली दारू लवकर खराब होते, तर पावसाळ्यात कागदी काडतूस फुगून चेंबरमध्ये अडकतं. थंड, कोरडी जागा निवडा.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा, मगच बंदूक उघडा. आवाज ‘फुस्स’ आला, धक्का कमी लागला, तर दुसरा बार लगेच काढू नका. वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधली गुंडी) नळीत अडकला असण्याची शक्यता असते. दोन्ही काडतुसं काढा आणि नळीतून उजेडाकडे पाहा. २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेलं तर ते पुढे सरकून असंच अडकतं. मागून १२ चं घालून उडवलं की नळी हातात फुटते. २० बोअरच्या काडतुसांची नळकांडी पिवळी करतात ती म्हणूनच. दोन्ही एका पिशवीत ठेवू नका. बंदूक महिनाभर कोपऱ्यात उभी असेल, तर भरण्याआधी नळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर झालंय का, तेही बघा.