लकव्याच्या माणसाला उठवताना या चुका टाळा

दवाखान्यातून घरी आणलेल्या लकव्याच्या माणसाचा खांदा बऱ्याचदा घरीच बिघडतो, तोही जीव लावणाऱ्यांच्या हातून. कापूस वेचणीच्या दिवसांत तर हमखास. सगळ्यांना वावरात जायची घाई, म्हणून लेक बापाचा लुळा हात धरतो आणि त्याला बाजेवरून ओढून बसवतो. खांद्याचा गोळा उथळ वाटीत स्नायूंच्या जोरावर टिकलेला असतो. ते स्नायूच ढिले पडल्यावर ओढलेला हात खाली सरकतो. काही दिवसांनी बाप रात्री कण्हू लागतो, हाताला शिवू देत नाही. मग व्यायाम बंद पडतो आणि हात छातीशी आखडतो. चोळणाऱ्याकडे नेतात, पण खांद्याच्या हाडाखाली बोटभर खड्डा पडलाय हे कोणी चाचपूनच पाहिलेलं नसतं.

कमरेला दुपट्टा घट्ट बांधा आणि उठवताना तोच धरा. लुळा हात कधीच नाही, काखही नाही. बसल्यावर त्या हाताखाली उशी द्या, लोंबकळू देऊ नका.

दुसरी चूक बाजेची. झोळ पडलेल्या बाजेत ढुंगण गुडघ्यांच्या खाली जातं. तिथून धडधाकट माणसालाही उठायला जड जातं. तखतपोस (लाकडी फळ्यांचा पलंग) किंवा साधारण 18 इंच उंचीची लाकडी खुर्ची घ्या. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, टाचा जमिनीला. नाक पायाच्या बोटांवर येईस्तोवर पुढे वाकू द्या, मगच उठवा. तुम्ही लुळ्या बाजूला उभं राहून आपल्या गुडघ्यानं त्याचा गुडघा अडवा. दहा वेळा उठबस, दिवसातून तीनदा. चालायची घाई करणाऱ्यांना हे फालतू वाटतं, पण दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उठता येत नसेल तर चालणं म्हणजे लुळा पाय फरफटत नेणंच.

रबरी चेंडू दाबायला देऊ नका. मूठ बऱ्याचदा आधीच आवळलेली असते, बोटं उघडायचा सराव हवा. दारावर चरखी बांधून हात वर ओढणंही नको. काठी चांगल्या हातात, उंची तोच हात सरळ खाली सोडल्यावर मनगटापर्यंत. गरम विटेचा शेक तर मुळीच नको, चटका कळत नाही आणि फोड येतात.

तेल लावा, हरकत नाही, पण मालिश म्हणजे व्यायाम नव्हे. पहिले तीन महिने सुधारणा सर्वात वेगानं होते, ते चोळण्यात घालवू नका. उन्हाळ्यात सकाळची उठबस 8 च्या आत उरकून घ्या.